टरफलातलं तेल

बोरीच्या बाजारात पुढं पुढं अशी वेळ आली, की एखाद्या बाजाराला कासाबाई दिसली नाही तर गाडीवाले एकमेकांना विचारत, "काळ्या तेलाची बाई आज आली न्हाई का?" तिच्या बुधल्यातलं तेल कण्याला घातलं की गाडीची कुरकुर थांबे. खांबाच्या बुडाला फासलं की वाळवी त्या खांबाचा नाद सोडी. धोब्यानं काडी बुडवून धोतराच्या कोपऱ्यावर खूण केली, तर धोतर विटे, फाटे, पण खूण जात नसे. आणि एवढ्या गुणाचं हे तेल निघायचं कशातून, तर लोक ज्याला पाय लागू देत नसत अशा कचऱ्यातून!

बाजाराला तिची किंमत फार उशिरा कळली. सगळ्यात आधी ती कळली तिच्या सासूला, केवळाबाईला. आता केवळाबाईला काही पटवायचं म्हणजे आधी चार शिव्या खायची तयारी ठेवावी लागे. सुनेनं किती खाल्ल्या त्याचा हिशेब तिनं कधी कुणाला सांगितला नाही.

जिंतूर आणि बोरीच्या मधल्या एका गावाला लागून धनगरांची दहा-पंधरा घरं होती. त्यातलं एक केवळाबाईचं. नवरा मल्हारी मागंच वारलेला. तो गेला तेव्हा मेंढरांचा कळप सांभाळायला भाऊबंद पुढं आले, तर हिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. "ज्यानं राखली त्याची बाई हाय मी," म्हणाली आणि काठी हातात घेतली. तेव्हापासून कळप म्हणजे केवळाबाई आणि केवळाबाई म्हणजे कळप. दोन लेकरांतलं थोरलं, बिरू, लहानपणीच देवीच्या आजारात गेलं. राहिला एकटा ग्यानबा. अंगानं धिप्पाड, मनानं भोळा आणि कुठल्याही कामाला उतावीळ.

या ग्यानबाची बायको म्हणून कासाबाई आली ती जिंतूरच्या वरच्या डोंगरातल्या एका वाडीतून. तिकडच्या धनगरांकडं मेंढरं थोडी आणि पोटं फार. म्हणून तिथल्या बायका बिब्बे फोडायचं काम करत. बिब्बा कुणाला ठाऊक नाही? दृष्ट लागू नये म्हणून आपण तो दारावर टांगतो. टाचेत काटा मोडला की दिव्यावर धरून त्याचं तेल ठिबकवतो. त्याच्या अगदी आत एक गोड गर असतो. ती गोडंबी. बाळंतिणीच्या लाडवात पडते, थोरामोठ्यांच्या शिऱ्यात पडते. पण तिच्याभोवती जे टरफल असतं त्यात असा काळा रस भरलेला, की अंगावर उडाला तर तिथली कातडी भाजल्यासारखी उतून येते. देवानं गोडाला असं आगीच्या डब्यात घालून ठेवलंय. तो डबा फोडायचं काम मात्र गरीब बायकांच्या हाताला लावून दिलंय.

जिंतूरचा व्यापारी पोत्यानं बिब्बे पाठवी. बायका हाताला राख चोळून बसत, दगडावर बिब्बा उभा धरून दुसऱ्या दगडानं फोडत. गोडंबी व्यापाऱ्याची. फोड, चट्टे आणि टरफलं बायकांची.

लग्नात कासाबाईच्या हातावर हळद चढलीच नाही. मनगटापर्यंत हात असे काळे, की हळद लावणाऱ्या बायका थबकल्या. मांडवात केवळाबाईनं सुनेचा हात हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि सासू म्हणून पहिलं वाक्य तिला ऐकवलं. "हात धू गं."

सून उठली, राखेनं हात घासून आली. हात होते तसेच.

त्या दिवसापासून घरात हेच सुरू झालं. पिठाच्या परातीकडं वळली की "हात धू गं." पाण्याच्या माठाला हात लावला की "हात धू गं." अखेर केवळाबाईनं भाकरीचं काम स्वतःकडंच ठेवलं, कारण या हातांची भाकरी खाऊन घरादाराची तोंडं उततील असं तिच्या मनानं घेतलं होतं. पहिल्या वर्षी कळप बाहेर निघताना तर गंमतच झाली. दिवाळीनंतर मेंढरं गंगेकाठी, म्हणजे गोदावरीच्या काठाला, पालमच्या अंगाला चरायला न्यायची, खतासाठी तिकडच्या शेतात बसवायची, हा पिढ्यांचा रिवाज. निघताना गावच्या शिवेवर घरातलं थोरलं माणूस म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला भंडारा लावतं आणि मग कळप शीव ओलांडतो. नव्या सुनेनं हौसेनं भंडाऱ्याच्या वाटीला हात घातला, तर केवळाबाईनं वाटी हिसकून घेतली. "धुतल्या हाताचं काम हाय हे," ती सगळ्यांदेखत बोलली.

कासाबाई हसली. वाईट वाटलं की ती हसायची. हे कळायला सासूला बरीच वर्षं लागली.

सासरी आल्यावरही तिनं बिब्ब्यांचं काम सोडलं नाही. व्यापाऱ्याचं पोतं इकडंही येऊ लागलं आणि घरामागं टरफलांचा ढीग वाढू लागला. तो ढीग म्हणजे केवळाबाईच्या डोळ्यांतलं कुसळ. उकिरड्यावर टाकावा तर खतात हात घालणाऱ्याचे हात उतायचे. जाळावा तर धूर वाईट. पुरावा तर शेजारची बायनाबाई म्हणे, दृष्टीच्या वस्तू घराजवळ पुरू नयेत. शेवटी भोवती काटेरी फांद्या टाकून तो तसाच ठेवला. "चांगली सून मागितली देवाला, तर डोंगरच दिला दारात," केवळाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

हैदराबादचं राज्य मोडून आपण मुंबई राज्यात जाणार, अशी ज्या साली बाजारात बोलवा होती, त्या साली पाऊस थांबायचं नावच घेईना. पोळा गेला, गौरी गेल्या, तरी आभाळ उघडेना. काळ्या रानात गुडघाभर चिखल. मेंढरं दिवसभर त्यात चरायची आणि रात्री वाघरीच्या जाळीत कोंडल्यावर त्यातच उभी राहायची. आधी दोन-चार लंगडायला लागली. मग केवळाबाईनं एका मेंढीचा पाय उचलून पाहिला, तर दोन खुरांच्या मधली जागा सडलेली. वास असा, की तिलाही तोंड फिरवावं लागलं.

राख भरली, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी घातलं, बोरीहून मोरचूद आणून लावला. एक बरी व्हायची तोवर दुसऱ्या चार बसायच्या. म्होरक्या मेंढा होता, बाश्या त्याचं नाव. मल्हारीनं स्वतःच्या हातानं दूध पाजून वाढवलेला. एका सकाळी केवळाबाई रानात गेली, तर बाश्या पुढचे दोन्ही पाय मुडपून, गुडघ्यांवर सरकत सरकत गवत खात होता. त्याच्यामागं अर्धा कळप तसाच. एवढी मेंढरं अशी गुडघे टेकून चरताना तिनं जन्मात पाहिली नव्हती. ती बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

रडण्यासारखंच होतं. इकडच्या माळावर दिवाळीनंतर काडी राहत नाही. कळप गंगेकाठी गेला तर जगणार. पण तिकडं जायचं म्हणजे कित्येक मुक्काम चालायचं, आणि चालायला खूर पाहिजे. खूर नसेल तर मल्हारीचा कळप सुऱ्याखाली द्यायचा, एवढंच उरत होतं. खाटकाचा माणूस एकदा येऊन बघूनही गेला होता. केवळाबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी कासाबाई सासूजवळ येऊन उभी राहिली. "आत्याबाई, एक बोलू का?"

"बोल की. तोंड काय मी शिवलंय?"

"माणसाच्या टाचंत काटा सडला तर बिब्ब्याचं त्याल घालतो आपुन. मग खुरातली सड तेनं कामून मरणार न्हाई?"

"आन् येवढ्या कळपाला बिब्बं कुठून आणायचं? व्यापाऱ्याचं पोतं फोडायचं?"

"बिब्बं नकोत. टरफलं हायेत की."

केवळाबाईनं घरामागच्या ढिगाकडं पाहिलं आणि मग सुनेकडं. सुनेला भूल पडली असावी असं तिला वाटलं. कासाबाईनं मात्र धीर सोडला नाही. लहानपणी त्यांच्या वाडीवर एक वैदू आला होता. त्यानं मूठभर टरफलं मडक्यात घालून, मडकं जमिनीत पुरून त्यातून वाटीभर तेल काढलेलं तिनं पाहिलं होतं. धूर म्हणून बाहेर आला नव्हता. "मला दोन मडकी पाह्यजेत," ती म्हणाली. "वरच्याला बुडाशी बारीक भोकं पाडून घ्याची. कुंभाराकडून करून आणते."

"जा, आण. माती तरी फुकट हाय," केवळाबाई वैतागून म्हणाली. "पण माझ्या घराजवळ त्या घाणीला काडी लावायची न्हाई. सांगून ठेवते."

कासाबाई बोरीला कुंभाराकडं गेली. पावसानं त्याची भट्टी ओली, मडकी पक्की व्हायला उशीर. ती तिथंच कुंभारणीकडं मुक्कामाला राहिली. इकडं ग्यानबाला दम धरवेना. बायको म्हणते टरफलात तेल आहे, तर त्याला मडकी कशाला हवीत, लोखंडी घमेलं काय वाईट, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आई रानात गेलेली पाहून त्यानं वाघरीच्या मागं चूल मांडली, घमेलंभर टरफलं तिच्यावर ठेवली आणि वाकून फुंकायला बसला. हवा ओली. धूर वर जाईना, त्याच्या तोंडाभोवतीच घुटमळत राहिला. डोळे झोंबले तेव्हा तो उठला, घाबरून सगळं घमेलं नाल्यात लोटून दिलं आणि गप घरी येऊन पडला. आईनं काडी लावायची नाही म्हणून बजावलं होतं. सांगणार कोणत्या तोंडानं?

सकाळी तेच तोंड ओळखू येईना. ओठ सुजून लोंबलेले, गालांवर, मानेवर, हातांवर टपोरे फोड, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. केवळाबाई एकदाच ओरडली, "आई आली गं माझ्या घरात!" आणि त्याच्या उशाशी बसली.

देवी आली, हे वस्तीला सांगावं लागलं नाही. बायनाबाई लिंबाचे डहाळे घेऊनच आली. वस्तीत कुणाच्या घरी देवी आली की सगळं तिच्याच हातात असे. दाराला लिंब बांधला. चपला बाहेर काढल्या. घरात फोडणी बंद, तळण बंद, तेलाचा थेंब अंगाला लावायचा नाही, आईला तेल खपत नाही. ग्यानबाच्या अंगावर लिंबाच्या डहाळीनं थंड पाणी शिंपडायचं आणि बायांनी दारात बसून आईची गाणी म्हणायची. देवीची लस टोचायला माणूस आला होता तेव्हा हाच ग्यानबा डोंगरात जाऊन लपला होता. त्यामुळं कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

दुपारी कासाबाई डोक्यावर मडकी घेऊन आली. दाराचा लिंब पाहून तिनं मडकी तिथंच उतरवली. बायनाबाईनं तिला उंबऱ्याबाहेरच अडवलं. "परगावाहून आलीस, सावली पाडू नको. आई रागावंल."

कासाबाईनं दारातूनच नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग तिचं नाक हललं, जळक्या टरफलांचा वास होता तो. ती तशीच वळून वाघरीमागं गेली आणि नाल्यातलं घमेलं घेऊन परत आली. बुडाला टरफलं चिकटलेली होती.

"आत्याबाई, ही देवी न्हाई," ती म्हणाली. "बिब्बा उतलाय. त्येंनी धूर घेतलाय तोंडावर. तिळाचं त्याल लावा, खोबरं चावायला द्या. पाणी घालू नका, पाण्यानं वाढायलंय ते."

तेलाचं नाव काढताच बायांची गाणी थांबली. केवळाबाई वाघिणीसारखी अंगावर आली. "त्याल? माझ्या बिरूच्या टायमाला शेजारच्या घरात फोडणी पडली, तिचा वास माझ्या घरात आला, आन् दुसऱ्या दिशी लेकरू गेलं. आता दुसरं न्यायला निघालीस व्हय?"

आतून ग्यानबाचा आवाज आला. सुजलेल्या ओठांतून शब्द फुटेनात, तरी जिवाच्या आकांतानं तो बोलत होता. "त्याल... त्याल लावा गं... बिब्बा..."

बायनाबाईनं हात जोडले. "ऐकलं का? आई बोलायली. आपली पारख करायली. कुणी भुलू नका गं!" आणि सगळ्या बायांनी दाराकडं तोंड करून डोकी टेकली. आपल्या मुखातून आई बोलतेय हे ऐकून ग्यानबा पुन्हा काही बोलला नाही. बोलून उपयोग काय!

केवळाबाई डहाळी घेऊन एकटीच आत गेली. पाणी शिंपडलं तसा ग्यानबा तडफडला. तिचा हात थांबला. सून म्हणाली होती ते कानात राहिलं होतं, ते काही केल्या बाहेर निघेना. डोक्याला तरी गार वाटावं म्हणून तिनं त्याचा पटका सोडला. आणि सोडलेला पटका हातात धरून ती तशीच बसून राहिली.

पटक्याखालचं कपाळ साफ होतं. कुणी दोरी धरून ओढावी तशी कपाळावर रेघ होती. रेघेखाली फोडच फोड, रेघेवर आईनं जन्म दिला तशी नितळ कातडी.

तिनं बंडीचे बंद सोडले. छाती साफ. पोट साफ. दंडावरचा ताईत वर सरकवला. त्याच्या खाली एक फोड नाही.

बिरूचं तसं नव्हतं. त्या लेकराचं अंग तिनं किती वेळा पुसलं होतं. तळपायाला फोड होते, जिभेवर होते, केसांत होते, ताईताच्या खालीसुद्धा होते. इतकी वर्षं झाली, तरी डोळे मिटले की तिला एक एक फोड कुठं होता ते सांगता आलं असतं. आई अंगात आली की कपडा बघून येत नाही. धूर कपडा बघतो.

तरी हात उचलेना. चुकलं तर? पहिल्या लेकराला शेजारच्या फोडणीनं नेलं, अशी तिची पक्की समजूत. दुसऱ्याला आपण आपल्या हातानं तेल लावायचं! केवळाबाई आयुष्यात कुणाला भ्याली नव्हती. नवरा गेल्यावर भाऊबंदांना भ्याली नाही, रझाकारांच्या धामधुमीत कळप घेऊन रानात राहिली तेव्हा भ्याली नाही. आज मात्र ती भ्याली. तिनं लिंबाच्या डहाळीपुढं डोकं टेकलं. "आई, माझं चुकत असंल तर हे म्हातारं अंग तुझंच हाय, त्याच्यावर ये. पोराचे डोळे तेवढे ठेव."

मग ती उठली, फळीवरचा तिळाच्या तेलाचा बुधला काढला आणि दारात येऊन उभी राहिली. "कासे, आत ये."

"आक्का, काय करायलीस?" बायनाबाई किंचाळली.

"बायना, तू घरी जा. काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर."

बाया उठल्या. काही गेल्या, काही लांब उभ्या राहून आता काय होतं ते बघत राहिल्या. कासाबाईनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि काळ्या बोटांनी फोडाफोडाला तेल लावलं. बिब्ब्याचं उतणं त्या बोटांना पाठ होतं. कुठं दाबायचं नाही, कुठं नुसतं टेकवायचं, कुठल्या फोडाला हात लावायचा नाही. केवळाबाई शेजारी बसून सुनेच्या हातांकडं बघत होती. इतक्या वर्षांत तिनं ते हात काळे आहेत एवढंच पाहिलं होतं. ते किती हलके पडतात हे ती आज पाहत होती.

दिवस मावळायच्या आत ग्यानबाची तडफड थांबली. पुढं काही दिवसांनी एका डोळ्याची फट उघडली आणि त्यातून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "बाश्या कसा हाय?" केवळाबाई हसली आणि लगेच रडली. डोळे वाचले होते. तोंडावरची कातडी सोलून खालून नवी येत होती. दार उघडं टाकून शेजारच्या पोरांना ती बोलावून दाखवत होती.

आता त्या ढिगाचं काय? वस्तीचं एकच म्हणणं, लांब नेऊन खोल पुरा. ग्यानबाही मान हलवून हो म्हणाला. त्याला तर ढिगाकडं बघवेना. कासाबाई नवऱ्याच्या फोडांना तेल लावत राहिली. तिची मडकी कोपऱ्यात तशीच पडली होती आणि त्यांचा विषय काढायची तिची छाती नव्हती.

विषय काढला केवळाबाईनं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "नुसत्या धुरानं माझ्या पहिलवानासारख्या पोराची ही गत केली. मग खुरातली सड तेच्यापुढं काय टिकंल? कासे, काढ ती मडकी."

माळावर मुरमाची जागा बघून खड्डा खणला. तळाला एक मडकं बसवलं. वरच्या मडक्यात टरफलं ठासून भरली, त्याचं तोंड झाकण ठेवून चिकणमातीनं लिंपलं आणि भोकाचं बूड खालच्या मडक्याच्या तोंडावर बसवून तो सांधाही लिंपला. खालच्या मडक्याभोवती माती दाबली. वरच्याभोवती गोवऱ्या रचल्या. ग्यानबाला लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं होतं. तोही शहाण्यासारखा तिथंच बसला.

गोवऱ्या धगधगल्या. केवळाबाई नाकाला पदर लावून वाट बघत होती, कधी तो जहरी धूर येतो म्हणून. आला तो नुसता शेणाचा धूर, रोजच्या चुलीचा. कासाबाईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं आणि जमिनीला कान लावायला सांगितला. म्हातारी पालथी पडली. मातीच्या पोटातून आवाज येत होता. टप. मग थोडं थांबून, टप. दूध काढायला बसल्यावर पहिल्या धारा जशा थेंबाथेंबानं येतात तसा. तिनं मान वर केली.

"काय हाय गं हे?"

"त्याल, आत्याबाई. आग वर हाय म्हून ते खाली पळायलंय."

सगळं गार झाल्यावर खालचं मडकं उघडलं. पाऊण मडकं भरलं होतं. काळं, दाट, चकचकीत. कासाबाईनं काडी बुडवून वर उचलली, तर तेलाची तार काडीपासून मडक्यापर्यंत तुटता तुटेना. वरच्या मडक्यात उरला होता हलका कोळसा. केवळाबाईनं त्यातलं एक टरफल चिमटीत धरलं आणि ते बोटांत विरून गेलं. ज्या ढिगाला तिनं रोज शिव्या घातल्या, त्याच्या पोटात एवढं धन होतं! वाळून खडंग झालेल्या सालीत हे कुठं दडून बसलं होतं, कुणी ठेवलं होतं, कुणासाठी? म्हातारीनं कानशिलावर बोटं मोडली. ती ढिगाची दृष्ट काढत होती की सुनेची, हे तिलाही सांगता आलं नसतं.

कच्चं तेल लावलं तर चांगली कातडीही जळेल, म्हणून कासाबाईनं त्यात जवसाचं तेल मिसळलं. लोकरीचा बोळा काडीला बांधला. पहिला पाय कुणाचा, हे घरात ठरेना. चुकलं तर ते जनावर जाणार. केवळाबाई उठली आणि बाश्यालाच शिंगं धरून घेऊन आली. "लाव," म्हणाली. मल्हारीचा मेंढा होता तो. त्याच्या मानेला मिठी घालून ती बसली आणि सून खुरं साफ करून आत बोळा फिरवत गेली. बाश्यानं अंग झाडलं, पाय आपटले, मग मान टाकून उभा राहिला.

त्याला कोरड्या मुरमावर बांधलं. वास आधी गेला. मग सड वाळून तिची काळी खपली झाली. मग एका सकाळी केवळाबाई भाकरीचा तुकडा घेऊन गेली, तर बाश्या चारी पायांवर उभा. तिनं त्याचा खूर दाबून पाहिला. दगड! तिथून तिनं मारलेली हाक साऱ्या वस्तीनं ऐकली.

त्यानंतर माळावर रोज खड्डा पेटू लागला. ढीग उतरत गेला आणि मेंढरं उठत गेली. काही उठली नाहीत, ती गेलीच. त्यांना फार उशीर झाला होता. पण गुडघ्यांवर चरणारी मेंढरं एकेक करून पायांवर आली, हे वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं. बायनाबाईसुद्धा एक दिवस आपली लंगडी शेळी घेऊन आली आणि इकडं तिकडं बघत उभी राहिली. "आईनंच सुचिवलं असंल हे तुझ्या सुनंला," ती म्हणाली.

"आसंल की," केवळाबाई म्हणाली. "धर शेळीचा पाय."

पावसानं माघार घेतली. दिवाळी झाली. आपण आता मुंबई राज्यात गेलो म्हणून बोरीत कुणी कुणी सांगत होतं. केवळाबाईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तिला गंगेकाठी जायचं होतं. तट्टावर बिऱ्हाड चढलं. वाघरीच्या जाळ्या गुंडाळल्या. बिऱ्हाडाच्या एका बाजूला तेलाचं मडकं, तोंड बांधून, चिंध्यांत नीट बसवलेलं. वाटेत कुणाचं मेंढरू लंगडलं तर लागेल म्हणून केवळाबाईनंच ते ठेवायला लावलं होतं.

शिवेजवळ वाट खडकाळ होती. कळप तिच्यावर चढला आणि खुरांचा आवाज उठला. आखाडापासून तो आवाज केवळाबाईनं ऐकला नव्हता. चिखलात खूर वाजत नाही, सडलेला तर नाहीच. ती वाटेच्या कडेला थांबली आणि मान खाली घालून नुसती ऐकत राहिली. मल्हारी असताना असाच वाजायचा कळप.

शिवेच्या दगडापाशी बाश्याला पुढं आणलं. ग्यानबानं भंडाऱ्याची वाटी आईपुढं धरली. केवळाबाईनं ती घेतली, पण भंडारा लावला नाही. तिनं मागं वळून पाहिलं. कासाबाई तट्टाची दोरी आवळत होती. पहिल्या वर्षाची आठवण ठेवून ती या कामाच्या वेळी दरसाल लांबच राहायची.

"कासे, इकडं ये. भंडारा लाव."

कासाबाईला खरं वाटेना. ती दोन पावलं आली आणि थांबली. आपल्या हातांकडं तिनं पाहिलं. महिनाभर रोज तेल काढून ते आता कोपरापर्यंत काळे झाले होते. "थांबा आत्याबाई," ती घाईघाईनं म्हणाली आणि ओढ्याकडं वळली. "हात धुऊन येते."

"नको," केवळाबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच करडा होता. "धुऊ नको. हायेत तसल्याच हातानं लाव."

कासाबाईनं वाटीत बोटं बुडवली. काळी बोटं पिवळी झाली. तिनं बाश्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि कळप शीव ओलांडून खाली उतरला.